चार बोटं कमी

समारंभाच्या दिवशी सकाळी धाकट्या जावेने, युस्टिनाने, मधल्या भिंतीवर लाटणं आपटलं, तेव्हाच पारास्काने हातातलं काम टाकलं. मीठबीठ हवं असेल तर युस्टिना बोटाने ठोकायची. लाटणं म्हणजे पुरुषमाणसांनी काहीतरी नवीन काढलेलं.

हात पुसत ती मागच्या दाराने पलीकडे गेली. खाण कंपनीने बांधलेलं ते जोडघर, एका छपराखाली दोन संसार. अलीकडे पारास्काचा नवरा वासिल मिहाल्को, पलीकडे त्याचा धाकटा भाऊ ओन्द्रे. भिंत इतकी पातळ, की इकडे शिंक आली की तिकडून "देव भलं करो" ऐकू यायचं. ते अर्थात बायकांकडून. भाऊ एकमेकांशी अठ्ठावीस वर्षं बोलले नव्हते. एकाच खाणीत दोघांचा जन्म गेला, हा वर लोहारशाळेत आणि तो खाली कोळशात, आणि जे काही सांगायचं ते त्यांनी बायकांच्या तोंडून सांगितलं. बायका निरोप पोचवताना त्यातल्या शिव्या काढून घ्यायच्या, म्हणून घर टिकलं.

आजचा निरोप असा, की संध्याकाळच्या जेवणात वासिलने ते वाक्य वाचलं, तर ओन्द्रे घराचा आपला अर्धा भाग विकणार आणि न्यू जर्सीला मुलाकडे जाऊन राहणार.

"म्हणू दे," पारास्का म्हणाली. "दर ईस्टरला म्हणतो."

"ह्या खेपेला माळ्यावरून बॅगा काढल्यात," युस्टिना म्हणाली. "माझे थंडीतले बूटपण भरले. मला विचारलंसुद्धा नाही."

पारास्का खुर्ची ओढून बसली. पोरं झाली, मोठी झाली, कारखान्यांच्या गावी निघून गेली. खाणीला आग लागली, मग खाणच बंद पडली. ह्या सगळ्यात तिने नवऱ्यापेक्षा युस्टिनाशी जास्त सुखदुःख बोलून घेतलं होतं. भिंतीपलीकडे कुणी परकी बाई परक्या वासाचा रस्सा शिजवतेय, ही कल्पनाच तिला सोसेना.

त्या वाक्याची कथा केलर्स पॅच ह्या त्यांच्या खाणवस्तीत शेंबड्या पोरालाही पाठ होती. वासिलने सव्वीस साली गावात फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, संघ काढला. खाणीत गाड्या ओढणाऱ्या जनावरांवरून त्याचं नाव 'खेचरं' ठेवलं, आणि पहिल्या वर्षीची डोक्यावरची कातडी टोपडी खरोखरच खेचरांच्या जुन्या सामानातून शिवली. आठवडाभर कोळसा खणायचा आणि रविवारी चर्च सुटलं की कोळशाच्या राखेच्या मैदानावर एकमेकांची हाडं मोडायची. मध्यंतरात प्रेक्षकांतून टोपी फिरायची, तिच्यात पडेल तो खेळाडूंचा पगार. टोपीत बहुतेक वेळा बटणंच जास्त निघायची, पण पगार घेतो म्हणून छाती फुगवून हिंडायला कुणाची हरकत नव्हती.

अडतीस साली हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर शेजारच्या ब्रायरटन गावचे आयरिश, त्यांच्यात डोंगराएवढा जेरी डूलन. ह्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. सामना संपत आलेला, खेचरं मागे, चौथा प्रयत्न. चेंडू पोटाशी धरून ओन्द्रे गर्दीत घुसला. माणसांचा ढीग उपसला, दहा यार्ड मोजायची साखळी आणली, ताणली. ओन्द्रे चार बोटं कमी पडला होता. आणि साखळीच्या टोकाचा खांब धरून उभा असलेला वासिल सगळ्या गावासमोर, आईसमोर म्हणाला, "घाबरला. डूलनचं धूड अंगावर येताना पाहिलं आणि आधीच खाली बसला."

त्या दिवशी ओन्द्रेने टोपडं काढलं, ते पुन्हा घातलं नाही.

यंदा गावात अकरा धडधाकट पोरं जमेनात, तेव्हा चाळीस वर्षांनी संघ बंद करायचं ठरलं. त्याचं जेवण आज चर्चच्या तळघरात होतं, आणि उन्हाळाभर खपून वासिलने लिहिलेला संघाचा इतिहास तिथे वाचला जाणार होता. ते वाक्य गाळ, म्हणून पारास्काने हर प्रकारे सांगून पाहिलं. वासिल म्हणाला, "इतिहास म्हणजे काय तुझी कोबीची गुंडाळी आहे, दाताखाली येईल ते काढून टाकायला?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातला हा माणूस.

दुपारी दोघी जावा तळघरात पोचल्या, तेव्हा पारास्काचा जावई लेनी दारातच उभा होता. हा लेनी पोलिश, हाताचा चांगला, तोंडाचा जरा सैल. मागच्या वर्षी तळघराची फरशी त्यानेच बसवली होती. फूटभर लांबरुंद चौकोन, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर तीस, आणि एकही कापावा लागला नाही. ही गोष्ट तो पाद्र्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून चुकला होता. आजही त्याने सुरुवात केली, तेव्हा पारास्काने त्याच्या हातात बटाट्यांचं पातेलं दिलं.

आयरीन, म्हणजे लेनीची बायको आणि पारास्काची लेक, भिंती सजवत होती. जुने फोटो लागले होते. आता मुख्य भिंतीवर वासिलची साखळी लावायची होती. दोन टोकांना दोन खांब, खांब दोन कोपऱ्यांत, आणि मधे साखळी सामन्यात धरतात तशी ताठ, अशी वासिलची सक्त ताकीद होती. ही साखळी त्याने स्वतःच्या ऐरणीवर घडवली होती, आणि तिच्यावर त्याचा पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव होता.

पारास्काने एक खांब एका कोपऱ्यात उभा केला, युस्टिना दुसरा घेऊन समोरच्या कोपऱ्यात गेली. साखळीला झोळ पडला.

"ओढ की," पारास्का म्हणाली.

"कुठे ओढू? भिंत लागली."

पारास्का झोळाकडे बघत राहिली. दहा यार्ड म्हणजे तीस फूट, हे ह्या गावात पाळण्यातल्या पोराला कळतं. भिंतही तीस फूट. मग लोंबतंय ते काय? ती चालत दुसऱ्या टोकाला आली. युस्टिनाने साखळी ताणून, उरलेल्या जास्तीच्या भागावर बोटं ठेवून मोजली, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि मग तिचे डोळे भरून आले.

"आठ," ती म्हणाली. "पारास्का, तो पोचला होता गं."

"रडू नकोस. आधी विचार कर. हे आपण सांगितलं तर काय होईल?"

"वासिल म्हणेल, बायकांना मोजता येत नाही."

"आणि ओन्द्रे म्हणेल, बायकांनी दया दाखवली. म्हणजे आपण काही पाहिलंच नाही."

मग दोघींनी जे केलं ते अठ्ठावीस वर्षांच्या सरावाने केलं. पारास्काने आयरीनला धाडून वासिलला निरोप दिला, की साखळी आम्हां बायकांना काही ताणता येत नाही, तूच ये. युस्टिनाने ओन्द्रेला निरोप दिला, की जड खांब धरायला माणूस नाही, तेवढं करून मग खुशाल न्यू जर्सीला जा. साखळीला दोन टोकं असतात आणि ताणायला दोन माणसं लागतात, ह्याला वासिलचाही इलाज नव्हता.

दोघे आले. एकमेकांना बघून दोघेही परत फिरणार होते, पण दारात युस्टिना बटाट्यांचं पातेलं घेऊन उभी होती.

"पारास्का," वासिल छताकडे बघत म्हणाला, "त्या टोकाला जो कोण आहे त्याला म्हणावं, ओढ."

"वहिनी," ओन्द्रे फरशीकडे बघत म्हणाला, "त्यांना सांग, मी भिंतीला टेकलोय."

"म्हणावं, खांब कोपऱ्यात नीट घाल."

"सांग त्यांना, याच्यापुढे पाद्र्याची खोली आहे."

वासिल स्वतः येऊन पाहून गेला. खांब कोपऱ्यात होता. परत जाऊन त्याने आपल्याकडून ओढलं, झोळ तसाच. तो भिंतीवर थाप मारून म्हणाला, "चर्च आखूड आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण पारास्काने आयुष्यात बरीच ऐकली होती, पण देवळालाच वाकडं म्हणणारा तिने आज पाहिला. लेनी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आला. त्याने तीस फरश्या पायाने मोजून दाखवल्या, एकही कापलेली नाही हे पुन्हा सांगितलं, खिशातली टेप काढून भिंतीला लावली. वासिल म्हणाला, दुकानातल्या टेपवर आणि पोलिश माणसावर माझा विश्वास नाही. लेनी म्हणाला, मुलगी दिलीत तेव्हा कुठे गेला होता अविश्वास? आयरीन म्हणाली, मला मधे आणू नका. शेवटी वासिलच्या लोहारशाळेतली घडीची पट्टी घरून आणवली. तिने भिंत तीस फूट भरली. मग त्याच पट्टीने साखळी मोजली.

साखळी तीस फूट भरली. वासिलने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं.

"आणि ही कडी?" ओन्द्रे म्हणाला.

तो वहिनीला म्हणाला की भावाला, ते कुणालाच कळलं नाही. साखळीच्या दोन टोकांना दोन मोठी कडी होती, खांबांत अडकवायला. वासिलने साखळी ऐरणीवर तीस फूट काटेकोर मोजली होती, आणि मग तिला दोन कडी जोडली होती. एकेक चार बोटांचं. चाळीस वर्षांत ती कुणी मोजली नाही. ब्रायरटनवाल्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा गावाने त्यांना हुसकून लावलं होतं. लोहाराला साखळी मोजून दाखव म्हणणं म्हणजे पाद्र्याला तुझा बाप्तिस्मा झालाय का विचारणं.

"मैदानावर आखलेल्या रेघा असतात की," आयरीन म्हणाली. "त्यांच्यावरून नाही का कळलं?"

वासिल पट्टीची घडी घालायला लागला. तेव्हा त्याच्या वतीने लेनी हळूच म्हणाला, "मैदानपण ह्याच साखळीने आखलंय."

आणि मग त्याला राहवेना. म्हणजे आपलं मैदानच लांब होतं, म्हणून पाहुण्यांनी लाथेने मारलेले चेंडू नेहमी थोडक्यात कमी पडायचे, आणि अडतीस साली ओन्द्रेकाका चार बोटं कमी नाही, चार बोटं जास्त पोचले होते, म्हणजे चषक आपला. ब्रायरटनचे म्हातारे आज जेवायला येताहेत, त्यांना तोंडावर सांगू या, असं म्हणत लेनी तळघरभर फिरू लागला. आयरीनने बापाची बाजू सोडून काकाला मिठी मारली. पारास्काला मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. तो पट्टी घडी करत होता, आणि ती घडी होत नव्हती.

"गप बस, लेनी," ओन्द्रे म्हणाला. "डूलनला कितीने अडवला होता?"

लेनी होता तिथेच थांबला. हे पान तर वासिलच्या इतिहासात सगळ्यांत रंगून लिहिलेलं होतं. त्याच सामन्यात, त्याच साखळीवर, त्याआधी अर्धा तास ब्रायरटनच्या जेरी डूलनला खेचरांनी आपल्या दारात, म्हणजे शेवटच्या रेघेपाशी, अडवलं होतं, अवघ्या दोन बोटांनी. म्हणजे ओन्द्रे पोचला होता, तर डूलन त्याच्याआधी पोचला होता. मग ओन्द्रेच्या त्या धावेला अर्थच उरत नव्हता. सामना तेव्हाच हातचा गेलेला.

आयरीन पुन्हा बापाच्या बाजूला आली आणि म्हणाली, दोन्ही पानं गाळा आणि साखळी गुंडाळून ठेवा. लेनीनेही लगेच सूर बदलला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तो म्हणाला, कडी आत्ता करवतीने कापतो, कुणाला कळणार नाही.

"वहिनी," ओन्द्रे म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्यांना सांग, मला चषक नको. डूलनला ठेवू दे. मी खाली बसलो नव्हतो. मला खाली पाडलं होतं, तिघांनी. आई मरेपर्यंत मला विचारायची, तू बसलास का रे. एवढंच सांग त्यांना."

पारास्का नवऱ्याकडे वळली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच निरोपात काढून घेण्यासारखं काही नव्हतं. आणि सांगायची गरजही नव्हती, वासिल चार हातांवर उभा होता. त्याने कोट उचलला आणि जिना चढून बाहेर गेला. ओन्द्रेने खांब भिंतीला टेकवला आणि युस्टिनाला म्हणाला, जेवून निघू, नाहीतर लोक म्हणतील पळाला.

चार वाजता तळघर भरलं. तळलेल्या कांद्याचा आणि बटाटा भरून लोण्यात परतलेल्या पिरोहीचा वास सुटला. जुनी खेचरं पोट आत ओढून फोटोंखाली उभी राहिली, स्वतःला शोधायला लागली आणि प्रत्येकाला वाटलं, आपण आहोत त्याहून उंच दिसतोय. ब्रायरटनचे म्हातारे बिअरचं पिंप घेऊन आले. जेरी डूलन काठी टेकत आला तरी दारात मावेना. साखळी भिंतीवर झोळ पडलेल्या अवस्थेतच लोंबत होती. वासिल आला तो कोट न काढताच पुढे गेला. कागदांची चळत घेऊन उभा राहिला आणि वाचायला लागला.

त्याने चांगलं लिहिलं होतं, हे पारास्काला मान्य करावं लागलं. पहिल्या सामन्यात मध्येच खरं खेचर मैदानात घुसलं आणि पंचाने त्याला बारावा खेळाडू ठरवून दंड केला, ते आलं. काचेच्या डोळ्याचा फेदोर आला, जो सामन्याआधी डोळा बायकोच्या पर्समध्ये ठेवायचा. कॉलेजचा एक पोरगा पाद्र्याचा भाचा म्हणून खोट्या नावाने खेळला आणि त्याला गावाच्या रूथेनियन भाषेत प्रार्थना म्हणायला लावल्यावर मैदानाबाहेर पळाला, ते आलं. हसून हसून लोकांनी टेबलं बडवली. पारास्काने टेबलाखाली युस्टिनाचा हात धरला. युस्टिनाच्या पायाशी तिची पर्स होती, कोट मांडीवर.

"एकोणीसशे अडतीस," वासिलने वाचलं, आणि थांबला.

ओन्द्रेने खुर्ची मागे सरकवली.

वासिलने कागद टेबलावर ठेवले. चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला माणसं दिसत नाहीत, हे पारास्काला माहीत होतं.

"अठ्ठावीस वर्षं मी सांगत आलो की माझा भाऊ घाबरला," तो म्हणाला. "तो घाबरला नव्हता. तो पोचला होता. साखळी लांब होती. आणि ती मी केली होती."

पहिल्यांदा उठला तो जेरी डूलन, आणि त्याला उठायला वेळ लागत असल्यामुळे तो काय म्हणणार ह्याची सगळ्यांनाच आधी कल्पना आली. साखळी लांब होती, तर मग मीही पोचलो होतो की, डूलन गरजला. मला अडवणाऱ्या त्या साखळीच्या कौतुकात तुम्ही चाळीस पोरांची नावं वासिल ठेवलीत. आणखी काय काय लांब होतं ते सांगा, आणा ती साखळी, मोजा माझ्यासमोर, तुमच्या त्या लोहाराला...

"जेरी," ओन्द्रे म्हणाला. तोही उभा राहिला होता. "खाली बस."

"तू? तुझ्यावर तर सगळ्यांत मोठा अन्याय झालाय."

"तो आमच्या घरातला आहे. साखळी आमची, लोहार आमचा. लांब म्हणायचं की आखूड, ते आम्ही बघू. ब्रायरटनच्या माणसाने माझ्या भावाची साखळी मोजायची नाही."

डूलनने पिंपाकडे पाहिलं, आपणच आणलेली बिअर सोडून भांडण करत जाणं त्याच्या जिवावर आलं असावं, आणि तो बसला. खुर्ची कुरकुरली.

वासिल अजून चष्म्याशिवाय उभा होता. कागद कुठे ठेवले ते त्याला दिसत नव्हतं, आणि हात टेबलावर उगाच चाचपडत होता. पारास्का उठणार होती. त्याआधी ओन्द्रे टेबलाला वळसा घालून गेला, चष्मा भावाच्या हातात दिला आणि कागदांची चळत त्याच्या पुढ्यात सरकवली.

"वाच पुढे, वासिल," तो म्हणाला. "अजून अठ्ठावीस वर्षं राहिलीत."

वासिलने चष्मा लावला, तो उलटा लागला, मग सुलटा लावला. युस्टिनाने मांडीवरचा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि पारास्काला म्हणाली, पिरोही थंड होताहेत, वाढायला चल.